विश्वस्तांची सत्ता आणि जनतेची संमती



गावोगावच्या देवस्थानांना पूर्वी भाविकांनी जमिनी दान दिलेल्या आहेत. त्या जमिनींची व्यवस्था विश्वस्त मंडळ पाहते. खंड वसूल करणे, पूजाअर्चेची तरतूद करणे, उत्सवाचा खर्च भागविणे, हे सर्व अधिकार विश्वस्तांचे असतात. परंतु याच विश्वस्तांनी उद्या एकमताने ठराव करून ती जमीन दुसऱ्याच्या नावे करून द्यायचे ठरविले, तर केवळ तेवढ्यावर तो व्यवहार पुरा होत नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ३६ व्या कलमानुसार त्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वसंमती घ्यावी लागते. विश्वस्त प्रामाणिक आहेत की नाहीत, हा येथे प्रश्नच नसतो. ठेव सांभाळण्याचा अधिकार आणि ठेव देऊन टाकण्याचा अधिकार हे दोन भिन्न अधिकार आहेत, एवढेच तत्त्व त्यामागे आहे.

राष्ट्राची कायदे करण्याची सत्ता ही अशीच एक ठेव आहे. मतदार आपले प्रतिनिधी ठराविक मुदतीसाठी निवडून देतात. त्या मुदतीत त्यांनी कायदे करावेत, कर बसवावेत, चुकीचे कायदे रद्द करावेत, हे अभिप्रेत असते. परंतु संसदेतील साध्या बहुमताने ही कायदे करण्याची सत्ताच, पुढील मतदारांना परत मिळविता येणार नाही अशा रीतीने, राष्ट्राबाहेरच्या एखाद्या संस्थेकडे सोपविली तर? सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन लॉक या इंग्रज तत्त्वचिंतकाने या प्रश्नाचे उत्तर देऊन ठेवले आहे. विधिमंडळाची सत्ता ही जनतेने सोपविलेली सत्ता असल्यामुळे ती अन्य कोणाच्या हाती देण्याचा अधिकार विधिमंडळाला नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. गेल्या अर्धशतकात युरोपातील राष्ट्रांना या तत्त्वाची कसोटी प्रत्यक्ष व्यवहारात द्यावी लागली. तो अनुभव भारतातील प्रत्येक विचारी नागरिकाने अभ्यासावा इतका बोधप्रद आहे.

करार आणि सत्तांतर यांतील भेद

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. राष्ट्रे परस्परांशी करार करतातच. व्यापाराचे, सीमांचे, टपालाचे, नदीच्या पाण्याचे करार पूर्वापार होत आले आहेत. त्यांत राष्ट्र आपला शब्द देते. आपली सत्ता देत नाही. युरोपात जे घडले ते याहून निराळे होते. १९५७ च्या रोम कराराने सहा राष्ट्रांचा युरोपीय आर्थिक समुदाय स्थापन झाला. त्याचे आयोग, मंत्रिपरिषद आणि न्यायालय अशी अंगे होती. १९६३ आणि १९६४ मध्ये या न्यायालयाने दोन निवाडे दिले. समुदायाचा कायदा सदस्यराष्ट्रांच्या नागरिकांना थेट लागू होतो, असे पहिल्याने सांगितले. दुसरा निवाडा इटलीतील एका वीजबिलाच्या किरकोळ वादातून उद्भवला. समुदायाचा कायदा आणि राष्ट्राचा कायदा यांत विरोध आला, तर समुदायाचा कायदा श्रेष्ठ ठरेल, असे त्यात ठरले. रोम करारात हे कलम कोठेही शब्दशः लिहिलेले नव्हते. न्यायाधीशांनी ते कराराच्या हेतूवरून काढले.

पुढे १९८६ च्या एकत्रित युरोपीय कायद्याने मंत्रिपरिषदेत अनेक विषयांवर बहुमताने निर्णय घेण्याची पद्धत विस्तारली. याचा अर्थ असा की, एखाद्या राष्ट्राच्या मंत्र्याने विरोधी मत दिले, त्या राष्ट्राच्या संसदेचाही विरोध असला, तरी तो नियम त्या राष्ट्राला बंधनकारक ठरतो. आजच्या युरोपीय संघात सर्वसाधारणपणे ५५ टक्के राष्ट्रे आणि ६५ टक्के लोकसंख्या असे दुहेरी बहुमत लागते. नवा कायदा सुचविण्याचा अधिकार बहुतांश विषयांत केवळ आयोगाला आहे आणि आयोगाचे सदस्य थेट जनतेकडून निवडले जात नाहीत. राष्ट्रांच्या डोक्यावर बसणारी, म्हणजे राष्ट्रातीत, सत्ता म्हणतात ती हीच.

युरोपच्या नेत्यांना हे का करावेसे वाटले, तेही न्यायबुद्धीने समजून घेतले पाहिजे. पंचवीस वर्षांच्या अंतराने सुरू झालेल्या दोन महायुद्धांत त्या खंडाची राखरांगोळी झाली होती. फ्रान्स आणि जर्मनी पुन्हा परस्परांवर शस्त्र उगारणार नाहीत, अशी व्यवस्था उभी करण्याची त्यांची तळमळ खरी होती. तो हेतू शुद्ध होता यात शंका नाही. मात्र हेतू कितीही शुद्ध असला तरी ज्यांची ठेव आहे त्यांना विचारायचे की नाही, हा प्रश्न उरतोच.

मासळी आणि केळी

ब्रिटनचे उदाहरण येथे सर्वांत बोलके आहे, कारण संसदेचे सार्वभौमत्व हा सिद्धांत जगाला ब्रिटननेच शिकविला. लिखित राज्यघटना नाही, संसद करील तो कायदा, आणि कोणतीही संसद पुढच्या संसदेचे हात बांधू शकत नाही, अशी तेथील परंपरा. अशा देशाच्या पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी १९७२ मध्ये युरोपीय समुदायात प्रवेश करण्यासाठी विधेयक आणले. अवघ्या बारा कलमांचे ते विधेयक दुसऱ्या वाचनाच्या वेळी ३०९ विरुद्ध ३०१, म्हणजे केवळ आठ मतांच्या अधिक्याने तरले. त्यातील एका कलमाने समुदायाचे आजचे आणि उद्याचे सारे कायदे ब्रिटनमध्ये आपोआप लागू होण्याची वाट मोकळी केली. त्या वेळी मतदारांना विचारले गेले नाही.

या विधेयकाला विरोध करणाऱ्यांत हुजूर पक्षाचे इनॉक पॉवेल होते, तसेच मजूर पक्षाचे टोनी बेनही होते. दोघांच्या विचारांत जमीन-अस्मानाचे अंतर. परंतु या एका मुद्द्यावर ते एकत्र होते. बेन यांनी १९७४ च्या अखेरीस आपल्या ब्रिस्टल मतदारसंघातील मतदारांना पत्र लिहिले. खासदाराला मिळालेली सत्ता मतदारांकडून उसनी मिळालेली आहे आणि पुढील निवडणुकीत ती जशीच्या तशी त्यांना परत करणे हे त्याचे कर्तव्य आहे, असा त्या पत्राचा आशय होता. समाजवादी बेन यांना जे दिसले ते कोणत्याही देशातील राष्ट्रनिष्ठाला दिसावे असेच आहे. सार्वभौमत्वाचा प्रश्न उजव्या-डाव्यांचा नाही, तो धनको आणि ऋणको यांच्यातील सचोटीचा आहे.

या सत्तांतराचा अर्थ सामान्य माणसाला कळण्यास काही वर्षे जावी लागली. समुदायाने प्रत्येक राष्ट्राला मासेमारीचा वाटा ठरवून दिला होता. स्पेनमधील मच्छीमार कंपन्यांनी आपली जहाजे ब्रिटिश म्हणून नोंदविली आणि ब्रिटनच्या वाट्याची मासळी धरण्यास प्रारंभ केला. हे थांबविण्यासाठी ब्रिटिश संसदेने १९८८ मध्ये कायदा केला. कंपन्या न्यायालयात गेल्या. १९९० मध्ये युरोपीय न्यायालयाच्या निर्णयानंतर लॉर्ड्स सभागृहातील न्यायाधीशांनी संसदेच्या त्या कायद्याची अंमलबजावणी रोखली. आपल्या देशाचे न्यायालय आपल्याच संसदेचा कायदा बाजूस सारते, हे दृश्य ब्रिटिश जनतेला नवे होते.

दुसरी हकीकत त्याहून साधी आहे. संडरलँडचा स्टीव्ह थोबर्न हा फळविक्रेता आपल्या गिऱ्हाइकांना सवयीप्रमाणे पौंडाच्या मापाने केळी विकत होता. युरोपच्या निर्देशानुसार किलोग्रॅमचे माप सक्तीचे झाले होते. २००० साली अधिकाऱ्यांनी त्याचे तराजू जप्त केले आणि २००१ मध्ये तो दोषी ठरला. शिक्षा नाममात्र होती, परंतु गावच्या बाजारातील तराजूपर्यंत दूरच्या राजधानीचा हात पोहोचतो, हे त्या खटल्याने देशाला दाखवून दिले. त्याचे अपील २००२ मध्ये फेटाळले गेले. तथापि त्याच निकालात न्यायालयाने एक गोष्ट नमूद केली. युरोपीय कायद्याला ब्रिटनमध्ये जे स्थान आहे ते युरोपच्या इच्छेने नव्हे, तर ब्रिटिश संसदेच्या १९७२ च्या कायद्यामुळे आहे. ही बारीकशी दिसणारी फट पुढे फार मोलाची ठरली.

एका नागरिकाचा दावा

शेजारच्या आयर्लंडमध्ये हाच प्रश्न एका नागरिकाने ऐरणीवर आणला. रेमंड क्रॉटी हे मूळचे शेतकरी, पुढे अर्थशास्त्राचे अध्यापक. १९८६ चा करार आयरिश संसदेने मान्य केला होता आणि सरकार संमतिपत्र सुपूर्द करण्याच्या बेतात होते. क्रॉटी एकटे न्यायालयात गेले. १९८६ च्या नाताळच्या आदल्या दिवशी त्यांना तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. साऱ्या युरोपचा करार एका माणसाच्या अर्जाने अडला. एप्रिल १९८७ मध्ये आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मताने निकाल दिला की, परराष्ट्र धोरण ठरविण्याचे राज्याचे स्वातंत्र्य सरकारला कराराने बांधून टाकता येणार नाही. त्यासाठी घटनादुरुस्ती हवी, आणि आयर्लंडमध्ये घटनादुरुस्ती म्हणजे सार्वमत. त्याप्रमाणे मे १९८७ मध्ये सार्वमत झाले. जनतेने सुमारे ७० टक्के मतांनी कराराला संमती दिली. म्हणजे क्रॉटी यांचा मूळ विरोध पराभूत झाला. पण विचारले पाहिजे हा त्यांचा आग्रह जिंकला. तेव्हापासून युरोपचा प्रत्येक मोठा करार आयरिश मतदारांपुढे ठेवावा लागला.

जर्मनीच्या घटना न्यायालयाने निराळ्या मार्गाने तोच सिद्धांत मांडला. हिटलरने १९३४ मध्ये सार्वमताचा कौल दाखवून राष्ट्राध्यक्ष आणि चॅन्सेलर ही दोन्ही पदे आपल्या हाती एकवटल्याला मान्यता मिळविली होती. त्या कटू स्मृतीमुळे जर्मनी सार्वमतापासून दूर राहते. परंतु ३० जून २००९ च्या निकालात या न्यायालयाने बजावले की फौजदारी कायदा, सैन्य, अंदाजपत्रक, शिक्षण, कुटुंब आणि संस्कृती यांसारख्या विषयांत निर्णय घेण्याची खरीखुरी सत्ता जर्मन संसदेकडे उरलीच पाहिजे. राज्यघटनेची मूळ ओळखच सोडून द्यायची असेल, तर तो अधिकार संसदेचाही नाही. तो केवळ जर्मन जनतेचा आहे. आपल्या संसदेला तिच्या जबाबदारीची आठवण करून देणारा हा निकाल होता.

'नाही' म्हटले तर पुन्हा विचारू

विचारणे हा एक भाग झाला. उत्तराचा मान राखणे हा दुसरा. येथे युरोपचा इतिहास फारसा उज्ज्वल नाही.

२ जून १९९२ रोजी डेन्मार्कच्या मतदारांनी मास्ट्रिख्ट करार ५०.७ टक्के मतांनी नाकारला. त्यानंतर समान चलन, संरक्षण आदी चार बाबतींत डेन्मार्कला सूट देण्यात आली आणि मे १९९३ मध्ये पुन्हा मतदान घेऊन ५६.७ टक्क्यांची संमती मिळविली गेली. आयर्लंडने जून २००१ मध्ये नीस करार ५३.९ टक्के मतांनी फेटाळला. सोळा महिन्यांनी पुन्हा मतदान झाले आणि होकार आला. जून २००८ मध्ये त्याच आयर्लंडने लिस्बन करार ५३.४ टक्के मतांनी नाकारला. ऑक्टोबर २००९ मध्ये पुन्हा मतदान, पुन्हा होकार.

सर्वांत बोधप्रद प्रकरण २००५ चे. युरोपसाठी एक राज्यघटनाच लिहिण्यात आली होती. स्पेन आणि लक्झेंबर्ग यांनी सार्वमताने तिला होकार दिला. परंतु २९ मे रोजी समुदायाचे संस्थापक सदस्य असलेल्या फ्रान्सच्या मतदारांनी ती जवळपास ५५ टक्के मतांनी नाकारली आणि तीनच दिवसांनी नेदरलँड्सच्या मतदारांनी ६१.५ टक्के मतांनी. राज्यघटना हा शब्द त्यानंतर सोडून देण्यात आला. त्यातील बहुतेक तरतुदी जुन्या करारांतील दुरुस्त्या या रूपाने लिस्बन करारात घालण्यात आल्या आणि फ्रान्स व नेदरलँड्समध्ये तो करार फक्त संसदेपुढे ठेवण्यात आला. मूळ मसुदा करणाऱ्या परिषदेचे अध्यक्ष व्हॅलेरी जिस्कार द एस्तँ यांनी स्वतः जाहीरपणे कबूल केले की आशय बहुतांशी तोच आहे, मांडणी तेवढी बदलली आहे. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाने २००५ च्या जाहीरनाम्यात राज्यघटनेवर सार्वमताचे वचन दिले होते. लिस्बन करार म्हणजे राज्यघटना नव्हे, असे सांगून ते वचन पाळले गेले नाही.

युरोपच्या समर्थकांची बाजूही ऐकली पाहिजे. डेन्मार्कला खरोखर सवलती मिळाल्या, आयर्लंडला तटस्थता आणि करांविषयी आश्वासने मिळाली, मधल्या काळात आर्थिक संकट कोसळले होते, लोकांना मत बदलण्याचा अधिकार आहे, असे ते म्हणतात. यात तथ्य आहे. डेन्मार्कने आजही आपले क्रोन हे चलन राखले आहे आणि संरक्षणाविषयीची सूट सोडायची वेळ आली तेव्हा २०२२ मध्ये जनतेला पुन्हा विचारूनच ती सोडली. परंतु एक प्रश्न अनुत्तरित राहतो. नकार आला की पुनर्विचार आणि होकार आला की तो कायमचा, असे का? मत बदलण्याचा अधिकार लोकांना असेल, तर तो दोन्ही दिशांना असला पाहिजे. ज्या तराजूचे एकच पारडे हलते त्याला तराजू म्हणता येत नाही.

गोव्याचा कौल

मराठी माणसाला या बाबतीत दूर जाण्याची गरज नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोवा, दमण आणि दीव येथे जनमत कौल घेण्यात आला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहायचे, हा प्रश्न होता. त्यासाठी भारतीय संसदेने १९६६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. कौल निःपक्ष वातावरणात व्हावा म्हणून विलीनीकरणाचे पुरस्कर्ते असलेले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाने सत्ता सोडली. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. ३४,०२१ मतांनी विलीनीकरणाचा पक्ष हरला.

महाराष्ट्रात आणि गोव्यातील मराठीप्रेमी वर्गात त्या निकालाचे दुःख खोल होते. संयुक्त महाराष्ट्राचा लढा ज्यांनी नुकताच पाहिला होता, त्यांना ते किती झोंबले असेल याची कल्पना करता येते. परंतु दिल्लीने प्रश्नाचे शब्द बदलून पुन्हा कौल घेतला नाही. अवघ्या काही आठवड्यांनी झालेल्या विधानसभा निवडणुकीत त्याच मतदारांनी बांदोडकरांच्या पक्षाला पुन्हा सत्ता दिली आणि विलीनीकरण न करता ते राज्यकारभार करू लागले. लोकांनी नेता आणि प्रश्न यांत भेद केला, आणि नेत्याने तो भेद मान्य केला. हा कौल एका राष्ट्राच्या अंतर्गत होता, त्यामुळे युरोपशी त्याची सरसकट तुलना करता येणार नाही. तरीही एकदा विचारल्यावर उत्तर स्वीकारण्याचा जो संस्कार त्यात दिसतो, तो युरोपातील अनेक प्रगत म्हणविणाऱ्या शासनांना दाखविता आला नाही.

सार्वमत हे सर्वरोगहारी औषध नव्हे

याचा अर्थ प्रत्येक प्रश्न सार्वमताने सोडवावा असा नव्हे. हो किंवा नाही या दोन शब्दांत गुंतागुंतीचे प्रश्न मावत नाहीत. लोक विचारलेल्या प्रश्नाऐवजी सरकारवरच्या रागाचे उत्तर देतात. हुकूमशहांनी या साधनाचा दुरुपयोग केल्याचे उदाहरण वर आलेच आहे. १९७५ मध्ये मार्गारेट थॅचर यांनी याच कारणांसाठी ब्रिटनमधील सार्वमताच्या प्रस्तावाला संसदेत विरोध केला होता. त्याच थॅचर यांनी १९९३ मध्ये मास्ट्रिख्ट करारासाठी लॉर्ड्स सभागृहात सार्वमताची मागणी केली. टीकाकारांना यात विसंगती दिसली. परंतु मधल्या काळात संसदेची सत्ता किती विषयांतून निघून गेली, हे त्यांनी पंतप्रधानपदावरून पाहिले होते. संसदीय सार्वभौमत्वाचा सर्वश्रेष्ठ भाष्यकार मानला गेलेला डायसी हासुद्धा, राज्याची मूळ रचनाच बदलणाऱ्या प्रश्नांवर जनतेचा नकाराधिकार म्हणून सार्वमत असावे, या मताला आला होता.

म्हणजे सार्वमत हे रोजच्या कारभाराचे साधन नव्हे. ते सत्तेच्या हस्तांतरापुरते लागणारे कुलूप आहे. डेन्मार्कच्या १९५३ च्या राज्यघटनेच्या विसाव्या कलमाने ही व्यवस्था फार नेटकी केली आहे. आंतरराष्ट्रीय संस्थेकडे राज्याचे अधिकार सोपवायचे असतील, तर संसदेत पाच-षष्ठांश बहुमत हवे. तेवढे न मिळता साधे बहुमत मिळाले, तर प्रश्न जनतेपुढे जातो. राष्ट्रात व्यापक एकमत असेल तर संसदेचा शब्द पुरेसा, मतभेद असेल तर ठेवीच्या मालकाला विचारा, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

ब्रिटनचे परतणे

ब्रिटनने १९७५ मध्ये पहिले राष्ट्रव्यापी सार्वमत घेतले, परंतु ते प्रवेशानंतर दोन वर्षांनी. ६७ टक्क्यांनी राहण्याच्या बाजूने कौल दिला. २०११ मध्ये संसदेने कायदा केला की यापुढे अधिक सत्ता युरोपकडे जाणार असेल तर सार्वमत अनिवार्य राहील. तोवर बराच उशीर झाला होता. २३ जून २०१६ रोजी ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याचा कौल दिला.

त्यानंतरची साडेतीन वर्षे त्या देशाच्या कसोटीची ठरली. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध तीन मतांनी सांगितले की, सार्वमत झाले तरी बाहेर पडण्याची नोटीस देण्यासाठी संसदेचा कायदा हवा. कौल मानणाऱ्या अनेकांना हा अडथळा वाटला. वस्तुतः तो त्यांच्याच तत्त्वाचा विजय होता, कारण संसदेने दिलेले अधिकार मंत्रिमंडळाला परस्पर काढून घेता येत नाहीत, हेच तर ते सांगत आले होते. पुढे २०१९ च्या प्रारंभी संसदेने सरकारने आणलेला करार तीनदा फेटाळला. पहिल्या वेळी ४३२ विरुद्ध २०२ अशा प्रचंड फरकाने. जनतेने दिशा सांगितली होती, मार्ग सांगितला नव्हता. अखेर डिसेंबर २०१९ ची निवडणूक झाली आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले.

या निर्णयाने ब्रिटनचा आर्थिक लाभ झाला की हानी, यावर तेथे आजही कडाक्याचा वाद आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांनी राहण्याच्या बाजूने कौल दिला होता, ती दुखरी नस अजून ठसठसते आहे. येथे महत्त्वाचे एवढेच की, परत येण्याचे दार ब्रिटनला उघडे सापडले. लिस्बन करारात बाहेर पडण्याचे कलम होते म्हणून करारांतून निघता आले. आणि घरच्या कायद्याचा पाया १९७२ चा संसदेचा कायदा असल्यामुळे, जिने तो केला त्या संसदेला तो रद्दही करता आला. मूळ धागा संसदेच्या हातून सुटला नव्हता.

भारतापुढील प्रश्न

भारत कोणत्याही राष्ट्रातीत संघाचा घटक नाही. आपल्या राज्यघटनेत सार्वमताची तरतूदही नाही. तरीही हा प्रश्न आपल्याकडे नव्या वेशात येतो. १९५८ च्या नेहरू-नून करारानुसार बेरुबारीचा भूभाग पाकिस्तानला देण्याचे ठरले, तेव्हा १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की भारताची भूमी घटनादुरुस्तीशिवाय देता येणार नाही. भूमीला हे संरक्षण मिळाले. परंतु कायदे करण्याच्या स्वातंत्र्याला ते मिळालेले नाही. १५ एप्रिल १९९४ रोजी मराकेश येथे भारताने जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर स्वाक्षरी केली, ती मंत्रिमंडळाच्या अधिकारात. आंतरराष्ट्रीय कराराला संसदेची पूर्वसंमती घेणे आपल्या घटनेने बंधनकारक केलेले नाही.

त्या काळी डंकेल प्रस्तावाविरुद्ध देशभर जागृती करणाऱ्यांत दत्तोपंत ठेंगडी अग्रभागी होते. वर्धा जिल्ह्यातील आर्वीच्या या कामगार नेत्याने प्रश्न शेतकऱ्याच्या बियाण्याचा आणि रुग्णाच्या औषधाचा आहे, तसाच तो संसदेच्या अधिकाराचाही आहे, हे ओळखले होते. पुढे काय झाले? पेटंटविषयक वटहुकूम १९९५ मध्ये संसदेच्या मान्यतेअभावी व्यपगत झाला. अमेरिकेने तक्रार केली आणि डिसेंबर १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने भारताविरुद्ध निर्णय दिला. १९९९ मध्ये पेटंट कायद्यात दुरुस्ती झाली, आणि ती राष्ट्रवादी विचारांच्या सरकारच्या काळात झाली, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. एकदा स्वाक्षरी झाली की नंतर येणाऱ्या सरकारांचे हात किती बांधले जातात, याचे ते उदाहरण आहे.

तथापि संसद शिल्लक होती म्हणून काही वाचले. व्यापार संघटनेचा नियम भारतात थेट लागू होत नाही, त्यासाठी संसदेला कायदा करावा लागतो. २००५ च्या दुरुस्तीत संसदेने तिसऱ्या कलमात पोटकलम घालून, जुन्याच औषधात परिणामकारकता न वाढविता केलेल्या किरकोळ बदलाला पेटंट नाकारले. त्याच आधारे १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीचा कर्करोगावरील औषधाचा दावा फेटाळला. संसदेच्या हाती राहिलेल्या एका पोटकलमाचे मोल किती, हे स्वस्त औषध मिळालेल्या रुग्णाच्या घरी जाऊन विचारावे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये भारताने आशियातील प्रादेशिक व्यापक आर्थिक भागीदारीच्या करारात सामील होण्यास नकार दिला. निर्णय राष्ट्रहिताचा होता. परंतु तोही मंत्रिमंडळाचाच होता. चांगले सरकार चांगला निर्णय घेते म्हणून व्यवस्था निर्दोष ठरत नाही. घटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या न्यायमूर्ती वेंकटचलय्या आयोगाने २००२ मध्येच करारांविषयी संसदेने कायदा करावा अशी शिफारस केली आहे. तो कायदा अद्याप झालेला नाही. सरकार कोणत्या पक्षाचे आहे याचा विचार न करता ही मागणी धरून ठेवणे, हे राष्ट्रनिष्ठेचे खरे लक्षण होय.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत दिलेल्या चार व्याख्यानांत एकात्म मानववादाची मांडणी करताना राज्य आणि राष्ट्र यांतील भेद सांगितला. राज्य ही राष्ट्राने आपल्या रक्षणासाठी निर्माण केलेली एक संस्था आहे आणि तिच्याही वर धर्माची मर्यादा आहे, असे ते म्हणत. संसद असो वा बहुमत, दोघांनाही ती मर्यादा लागू आहे. सत्तेच्या हस्तांतराच्या संदर्भात धर्म याचा अर्थ दुसरा काय असू शकतो? दुसऱ्याची ठेव त्याला विचारल्यावाचून देऊ नये, आणि विचारले तर त्याने दिलेले उत्तर मानावे, एवढाच. गावच्या देवस्थानाच्या विश्वस्ताला जो नियम आपण लावतो, तो दिल्लीतल्या विश्वस्तांना लावण्यात संकोच कसला?